वादळ ओसरले, वीज परतली नाही : आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांचा प्रश्न

ओडिशाच्या किनाऱ्यावर ३ मे २०१९ रोजी सकाळी पुरीजवळ 'फनी' हे चक्रीवादळ धडकले. त्याआधी बारा लाखांहून अधिक नागरिकांना सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले होते. परिणामी एवढ्या भीषण वादळातही राज्यातील मृतांची संख्या ६४ वर राहिली. याच किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार नागरिक मृत्युमुखी पडले होते. वीस वर्षांत घडलेल्या या बदलाची संयुक्त राष्ट्रसंघासह जगभरातून प्रशंसा झाली आणि ती यथार्थ होती.

या यशाला आणखी एक बाजू आहे. वादळ पुढे सरकले, आकाश निरभ्र झाले, निवारा केंद्रांतील कुटुंबे घरी परतली. पण पुरी जिल्ह्याच्या अनेक भागांत वीज परतायला कित्येक आठवडे लागले. मे महिन्याचा कडक उन्हाळा, पंखे बंद, पाण्याचे पंप बंद, दूरध्वनी मनोरे निकामी, बँकांची रोकडयंत्रे ठप्प, अशा स्थितीत लाखो नागरिकांना दिवस काढावे लागले. राज्य सरकार, जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि संयुक्त राष्ट्रसंघाने केलेल्या संयुक्त पाहणीत एकूण हानी आणि नुकसान २४ हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचे आढळून आले. त्यात वीज आणि घरे या दोन क्षेत्रांना मोठा फटका बसला होता.

जीव वाचविण्याचे शास्त्र आपल्याला बऱ्याच अंशी अवगत झाले आहे. वाचलेल्या जीवांचे जगणे ज्या सोयींवर अवलंबून असते, त्या सोयी वाचविण्याचे काम मात्र अद्याप बाकी आहे. 'आपत्ती प्रतिरोधक पायाभूत सुविधा' या शब्दप्रयोगामागील मूळ प्रश्न हाच आहे.

ओडिशाने काय केले?

१९९९च्या महाचक्रीवादळात वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरपर्यंत पोहोचला होता. समुद्राच्या पाच ते सहा मीटर उंचीच्या लाटेने जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा परिसर गिळंकृत केला आणि खारे पाणी किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत शिरले. संदेशवहन यंत्रणा कोलमडल्याने राजधानी भुवनेश्वरचाही बाह्य जगाशी संपर्क तुटला. किनाऱ्यावर निवारा केंद्रे अगदी मोजकी होती. धोक्याचा इशारा मिळाला, तरी जायचे कुठे, हा प्रश्न गावकऱ्यांपुढे होता.

या धक्क्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, डिसेंबर १९९९ मध्ये, तेव्हाच्या ओरिसा सरकारने राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. राष्ट्रीय पातळीवरील आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००५ मध्ये, संमत झाला. राज्याने शोध आणि बचावासाठी स्वतंत्र दल उभारले आणि गावपातळीवर स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले. किनारपट्टीवर टप्प्याटप्प्याने आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारा केंद्रे बांधण्यात आली. उंच खांबांवर उभारलेल्या या पक्क्या इमारतींत एरवी अनेक ठिकाणी शाळा भरते. इमारत रोजच्या वापरात असल्याने तिची देखभाल होते आणि संकटसमयी कुठे जायचे, हे गावातील लहान मुलालाही ठाऊक असते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये गोपालपूरजवळ आलेल्या 'फायलिन' वादळात या व्यवस्थेची पहिली मोठी कसोटी लागली. त्या वेळी मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. 'फनी'ची तुलना १९९९शी करताना हेही लक्षात घ्यावे लागेल, की २०१९च्या वाऱ्याचा वेग आणि समुद्राची लाट या दोन्ही गोष्टी त्या महाचक्रीवादळापेक्षा कमी होत्या. तरीही मनुष्यहानीतील घट केवळ त्यामुळे झाली, असे म्हणता येणार नाही. अचूक अंदाज, वेळेवर इशारा, जाण्यासाठी पक्की जागा आणि हलविण्याची यंत्रणा या चार गोष्टी एकत्र आल्यामुळे हे घडले.

विजेचे खांब का कोसळतात?

'फनी'ने लाखाहून अधिक विजेचे खांब आडवे केले. या खांबांच्या कोसळण्यामागील कारणे समजून घेणे उद्बोधक आहे, कारण तीच कारणे देशाच्या प्रत्येक किनाऱ्यावर लागू होतात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. त्यामुळे ताशी १०० किलोमीटर वेगाचे वारे पेलणारा खांब ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात टिकेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

दुसरे कारण तारांचे आहे. वितरण जाळ्यातील खांब एकमेकांना तारांनी जोडलेले असतात. एखादे झाड तारेवर पडले किंवा एक खांब पायापासून उखडला, की तारेचा सारा ताण शेजारच्या खांबावर येतो. तो वाकतो, मग त्यापुढचा. अशा रीतीने एका ठिकाणचा बिघाड माळेसारखा कित्येक खांबांपर्यंत पसरतो. किनाऱ्यालगतची जमीन रेताड असते आणि वादळासोबत आलेल्या पावसाने ती भिजून सैल होते. पाया उथळ असेल तर खांब न मोडताही मुळासकट उपटला जातो.

यावरील उपाय अभियंत्यांना माहीत आहेत. खांबांमधील अंतर कमी करणे, पाया खोल घेऊन त्यात काँक्रीट भरणे, ठरावीक अंतरावर अधिक भक्कम खांब उभारून ही माळ तोडणे, दोन्ही बाजूंनी ताणाच्या तारा देणे, वाहिनीलगतच्या झाडांच्या फांद्यांची वादळी हंगामापूर्वी छाटणी करणे आणि उपकेंद्रांचे जोते पुराच्या पातळीहून उंच ठेवणे, हे त्यांपैकी काही होत. दाट वस्तीच्या शहरी भागांत वाहिन्या भूमिगत करण्याचा मार्गही उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०१४ मधील 'हुदहुद' वादळाने विशाखापट्टणमची वीजव्यवस्था उद्ध्वस्त केल्यानंतर त्या शहरात जागतिक बँकेच्या साहाय्याने हा मार्ग अवलंबिण्यात आला.

भूमिगत वाहिनी हा सर्वत्र लागू पडणारा उपाय मात्र नाही. तिचा खर्च हवेतील वाहिनीच्या कित्येक पट असतो. पाणी साचणाऱ्या खाऱ्या जमिनीत सांधे निकामी होण्याचा धोका असतो आणि बिघाड नेमका कुठे झाला, हे शोधायला वेळ लागतो. त्यामुळे कोणत्या वाहिन्या जमिनीखाली न्यायच्या, कोणत्या केवळ मजबूत करायच्या आणि कोणत्या पडल्या तरी चोवीस तासांत उभ्या करता येतील अशी तयारी ठेवायची, याचा प्राधान्यक्रम ठरवावा लागतो. रुग्णालये, पाणीपुरवठा केंद्रे आणि दूरसंचार केंद्रे यांना वीज देणाऱ्या वाहिन्या या क्रमात सर्वप्रथम याव्यात, यावर तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही.

मानके काय सांगतात?

इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात, २०१५च्या आवृत्तीनुसार, देशाचे सहा वाऱ्याच्या क्षेत्रांत विभाजन केलेले आहे. ओडिशाच्या किनाऱ्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर धरला जातो. 'फनी'च्या झोतांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे गेला होता.

पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील सुमारे ६० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी या मानकात एक महत्त्वाची तरतूद आहे. सामान्य इमारतींसाठी हा वेग जसाच्या तसा धरावा; औद्योगिक बांधकामांसाठी त्याला १.१५ने गुणावे, आणि वादळानंतर ज्यांची तातडीने गरज लागते अशा बांधकामांसाठी, म्हणजे निवारा केंद्रे, रुग्णालये, शाळा, संदेशवहनाचे मनोरे यांसाठी, १.३०ने गुणावे, असे त्यात म्हटले आहे. दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे १.३० या गुणकाचा अर्थ असा होतो, की ही बांधकामे सुमारे ७० टक्के अधिक दाब सोसण्यास समर्थ असली पाहिजेत.

ही तरतूद अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे. तरीही एक अडचण उरते. रुग्णालयाची इमारत या कसोटीला उतरली, पण तिला वीज देणारी वाहिनी साध्या खांबांवरून येत असेल आणि जनित्र तळघरात ठेवलेले असेल, तर वादळानंतर इमारत उभी राहील आणि शस्त्रक्रियागृह अंधारात असेल. मानक एकेका बांधकामाचा विचार करते. सेवा मात्र अनेक बांधकामांच्या साखळीतून मिळते आणि त्या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा किती टिकतो, यावर तिचे टिकणे अवलंबून असते.

डिसेंबर २०१५ मधील चेन्नईच्या महापुरात याचा प्रत्यय आला. पाणी वाढले तसे विमानतळ बंद करावे लागले, वीज खंडित करावी लागली आणि त्यापाठोपाठ मोबाईल सेवाही कोलमडली. त्याआधी मुंबईने २६ जुलै २००५ रोजी हेच अनुभवले होते. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर शहरातील पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तेही समुद्राला ओहोटी असताना, पाणी वाहून नेण्यासाठी आखलेल्या होत्या. त्यानंतर ही क्षमता दुप्पट करण्याचे काम हाती घेण्यात आले.

'पन्नास वर्षांतून एकदा' याचा अर्थ

अभियांत्रिकी आराखड्यांत 'पन्नास वर्षांतून एकदा येणारे वादळ' किंवा 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असे उल्लेख असतात. असे संकट एकदा येऊन गेले की पुढची पन्नास वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ अनेकदा लावला जातो. तो चुकीचा आहे. एखाद्या वर्षी असे वादळ येण्याची शक्यता दोन टक्के आहे, एवढाच त्याचा अर्थ. दरवर्षीची ही दोन टक्के शक्यता पन्नास वर्षांच्या कालावधीत एकत्र धरली, तर त्या काळात एकदा तरी असे वादळ येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. पन्नास वर्षे वापरात राहणाऱ्या पुलाच्या किंवा उपकेंद्राच्या दृष्टीने असे वादळ हा अपवाद नसून ती एक संभाव्य घटना आहे.

यात हवामानबदलाची भर पडली आहे. हे आकडे गतकाळातील नोंदींवरून काढलेले असतात. पुढचा काळ मागच्यासारखाच राहील, असे त्यात गृहीत धरलेले असते. समुद्राचे तापमान वाढत आहे, थोड्या वेळात कोसळणाऱ्या मुसळधार पावसाचे प्रसंग वाढत आहेत आणि समुद्राची पातळी उंचावत आहे. एकेकाळी तुलनेने शांत मानल्या जाणाऱ्या अरबी समुद्रातही जून २०२० मध्ये 'निसर्ग' आणि मे २०२१ मध्ये 'तौक्ते' ही वादळे लागोपाठच्या वर्षांत आली. 'निसर्ग'नंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांना विजेसाठी दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागली. ओडिशाचा अनुभव कोकणालाही परका राहिलेला नाही.

केवळ मजबुती पुरेशी नाही

प्रतिरोधक म्हणजे न मोडणारे, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात कोणतेही बांधकाम प्रत्येक संकटापुढे अभेद्य ठेवणे शक्य नसते. धक्का सोसणे, सोसताना मूळ सेवा चालू ठेवणे, सेवा खंडित झालीच तर ती त्वरेने पूर्ववत करणे आणि अनुभवातून सुधारणा करणे, हे चारही गुण या संकल्पनेत अभिप्रेत आहेत.

भूज येथील जिल्हा रुग्णालय हे यातील पहिल्या दोन गुणांचे उदाहरण ठरावे. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात जुनी इमारत कोसळली आणि जखमींची संख्या हजारोंनी वाढत असतानाच शहराला रुग्णालय उरले नाही. त्या जागी उभारलेल्या नव्या इमारतीचा भार रबर आणि शिसे यांच्या थरांनी बनलेल्या विशेष आधारांवर तोलण्यात आला आहे. जमीन हादरली, तरी तिची हालचाल या आधारांत मोठ्या प्रमाणात शोषली जाते आणि वरच्या इमारतीला बसणारा धक्का सौम्य होतो. इमारत उभी राहावी एवढाच यामागील हेतू नाही. भूकंपानंतर आतील उपकरणे आणि उपचार चालू राहावेत, हाही आहे.

कोकण रेल्वेचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. सह्याद्रीच्या उतारांवरून जाणाऱ्या सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गावर जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे विशेष गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवाशांचा मृत्यू झाला. त्यानंतर उतार सौम्य करणे, दरडप्रवण कातळांवर पोलादी जाळ्या बसविणे ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. त्याचबरोबर संचालनाच्या पद्धतीतही बदल करण्यात आले. पावसाळ्यात गाड्या वेगळ्या वेळापत्रकानुसार कमी वेगाने धावतात, रुळांवर अहोरात्र गस्त घातली जाते, मांडवी, झुआरी आणि शरावती यांसारख्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आणि काही नद्यांच्या पुलांवर पूरसूचक यंत्रणा बसविण्यात आल्या आहेत. वाऱ्याचा वेग किंवा पाण्याची पातळी धोक्याच्या मर्यादेवर गेली की गाडी थांबविली जाते. प्रवाशाला उशीर होतो. परंतु सेवा कोलमडत नाही. थोडी गैरसोय स्वीकारून मोठे संकट टाळण्याची ही पद्धत भक्कम भिंतीइतकीच मोलाची आहे.

खर्च कोणी करायचा?

जागतिक बँकेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, विकसनशील देशांत नव्या पायाभूत सुविधा सुरुवातीपासूनच आपत्ती प्रतिरोधक केल्यास एकूण गुंतवणुकीत सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास वाढ होते आणि गुंतविलेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे चार डॉलरचा लाभ मिळतो. असे असूनही हे काम रेंगाळते, याचे कारण खर्च आणि लाभ यांचे धनी निराळे असतात. खांबाच्या खोल पायाचा खर्च वीज कंपनीच्या हिशेबात आज दिसतो. वीज न गेल्यामुळे वाचलेले औषध, चालू राहिलेले शीतगृह, न बुडालेली मजुरी यांची नोंद मात्र कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

निविदेत सर्वांत कमी दराला प्राधान्य मिळते आणि देखभालीची तरतूद सर्वप्रथम कापली जाते. वादळानंतर पुरवठा लवकर सुरू करण्याचा दबाव असल्याने पडलेल्या खांबाच्या जागी बहुधा तसाच खांब उभा राहतो. जनतेच्या दृष्टीने ही घाई समजण्याजोगी आहे. मात्र अशा घाईत पुढच्या वादळाची हानीही पेरली जाते. यासाठी सुधारित आराखडे, दरपत्रके आणि साहित्याचा साठा वादळापूर्वीच सिद्ध असावा लागतो, म्हणजे दुरुस्ती आणि सुधारणा एकाच वेळी करता येते.

या दिशेने काही धोरणात्मक पावले टाकण्यात आली आहेत. जपानमधील सेंदाई येथे मार्च २०१५ मध्ये स्वीकारण्यात आलेल्या जागतिक आराखड्यात, महत्त्वाच्या पायाभूत सुविधांची हानी आणि मूलभूत सेवांतील खंड २०३० पर्यंत लक्षणीयरीत्या कमी करण्याचे उद्दिष्ट समाविष्ट आहे. भारताच्या पुढाकाराने आपत्ती प्रतिरोधक पायाभूत सुविधा आघाडीची घोषणा २३ सप्टेंबर २०१९ रोजी न्यूयॉर्क येथील हवामान शिखर परिषदेत करण्यात आली. तिचे सचिवालय नवी दिल्लीत आहे. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात आधी आंध्र प्रदेश आणि ओडिशा, तर दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गोव्यासह अन्य किनारी राज्यांचा समावेश झाला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील २० टक्के वाटा धोका कमी करण्याच्या कामांसाठी राखून ठेवण्याची शिफारस केली. मदतीबरोबरच पूर्वतयारीसाठी स्वतंत्र रक्कम ठेवण्याची ही पद्धत दूरगामी महत्त्वाची आहे.

मोजमाप बदलण्याची गरज

'फनी'नंतर ओडिशात वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा पुढे ढकलावी लागली होती. वीज नाही, वाहतूक नाही, परीक्षा केंद्रांची अवस्था बिकट, अशा स्थितीत दुसरा पर्यायही नव्हता. अशा लहान नोंदींतून आपत्तीची खरी व्याप्ती कळते. वादळाचा परिणाम केवळ किनाऱ्यावरील झोपडीपुरता राहत नाही. तो विद्यार्थ्याच्या वर्षावर, डायलिसिसवरील रुग्णाच्या पुढच्या फेरीवर आणि बर्फाअभावी सडणाऱ्या मासळीवर होतो. ज्यांच्याकडे स्वतःचे जनित्र किंवा पाण्याची टाकी आहे, त्यांची गैरसोय होते; ज्यांच्याकडे ती नाही, त्यांची उपजीविकाच थांबते. सार्वजनिक सुविधांच्या टिकाऊपणाचा प्रश्न त्यामुळे सामाजिक न्यायाचाही प्रश्न ठरतो.

मृतांची संख्या शून्यावर आणणे हे आपत्ती व्यवस्थापनाचे पहिले उद्दिष्ट आहे आणि राहील. त्यासोबत आणखी काही आकडे प्रत्येक आपत्तीनंतर नियमितपणे जाहीर व्हावयास हवेत : किती तासांत रुग्णालयांची वीज पूर्ववत झाली, किती तासांत नळाला पाणी आले, किती वेळात दूरध्वनी सुरू झाले आणि उभारलेल्या नव्या खांबांपैकी किती सुधारित आराखड्याचे आहेत. १९९९ नंतर मृतांच्या संख्येचा हिशेब मांडला गेला, म्हणून निवारा केंद्रे उभी राहिली. अंधारात गेलेल्या तासांचाही तसाच हिशेब मांडला गेला, तर पुढच्या वादळात उभे राहतील असे खांबही उभे राहतील.